विश्लेषण : मुंबई-न्यूयॉर्क अंतर तेवढेच, मग विमानप्रवासाचे तास का बदलतात?

मुंबईहून न्यूयॉर्कला जाणारे थेट विमान कधी पंधरा तासांत पोहोचते, तर कधी सतरा तासांच्या घरात जाते. तेच विमान परत येताना मात्र चौदा-साडेचौदा तासांत मुंबई गाठते. दोन शहरांतील अंतर बदललेले नसते. बदलतो तो मार्ग, वारा आणि वाटेतल्या देशांची मर्जी. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांसाठी आपली हवाई हद्द बंद केली, तेव्हापासून हा प्रश्न प्रवाशांच्या खिशापर्यंत आणि विमान कंपन्यांच्या ताळेबंदापर्यंत पोहोचला आहे. अंतर आणि वेळेचे हे गणित नेमके कसे मांडले जाते?

मुंबई ते न्यूयॉर्क अंतर नेमके किती?

मुंबईचा छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळ आणि न्यूयॉर्कचा जॉन एफ. केनेडी विमानतळ यांच्यातील पृथ्वीच्या पृष्ठभागावरून मोजलेले सर्वांत कमी अंतर सुमारे १२,५३० किलोमीटर आहे. पृथ्वीचा परीघ ४० हजार किलोमीटरच्या आसपास आहे. म्हणजे हे एक उड्डाण पृथ्वीला घातलेल्या प्रदक्षिणेच्या जवळपास तिसऱ्या हिश्श्याएवढे आहे. मोठी प्रवासी विमाने साधारणपणे ताशी ९०० किलोमीटर वेगाने उडतात. या वेगाने भागले तर उत्तर येते १३ तास ५५ मिनिटे. प्रत्यक्षात जाताना इतक्या कमी वेळात हे विमान कधीच पोहोचत नाही. कागदावरचा हा आकडा आणि प्रत्यक्ष प्रवास यांत जी दोन-तीन तासांची तफावत पडते, तिच्यामागे अनेक कारणे आहेत.

नकाशावरची सरळ रेषा का फसवते?

भिंतीवरच्या जगाच्या नकाशात मुंबई आणि न्यूयॉर्क यांना पट्टीने जोडले, तर रेषा अरबी समुद्र, अरबस्तान, उत्तर आफ्रिका आणि अटलांटिक महासागरावरून जाते. हाच जवळचा मार्ग असावा असे वाटते. पण त्या रेषेवरून होकायंत्राची एकच दिशा धरून विमान नेले, तर सुमारे १४,२०० किलोमीटर उडावे लागेल. म्हणजे जवळपास १,७०० किलोमीटर जास्त. विमानाच्या वेगाने हा फरक पावणेदोन तासांहून अधिक होतो.

याचे कारण नकाशाच्या घडणीत आहे. गोल पृथ्वी सपाट कागदावर पसरताना कुठे तरी ताण द्यावाच लागतो. आपल्या परिचयाच्या मर्केटर पद्धतीच्या नकाशात हा ताण ध्रुवांकडे वाढत जातो. म्हणून ग्रीनलँड प्रत्यक्षात भारताहून लहान असूनही नकाशात आफ्रिकेएवढा दिसतो. उत्तरेकडची अंतरे कागदावर फुगलेली असतात, जमिनीवर ती कमी असतात. गोलावरच्या दोन बिंदूंना जोडणारा सर्वांत जवळचा मार्ग ‘बृहद्‌वृत्ता’वरून जातो. पृथ्वीगोलावर दोन शहरांमध्ये दोरा ताणून धरला की हा मार्ग दिसतो. सपाट नकाशावर मात्र तोच मार्ग उत्तरेकडे फुगलेल्या कमानीसारखा उमटतो. विमानातील आसनासमोरच्या पडद्यावर विमान भलतीकडेच चालले आहे असे अनेकांना वाटते, ते यामुळेच.

मग हा सर्वांत जवळचा मार्ग कुठून जातो?

मुंबईहून निघालेला हा काल्पनिक दोरा पश्चिमेकडे नव्हे, तर उत्तर-वायव्येकडे जातो. सौराष्ट्र आणि कच्छवरून तो पाकिस्तानातील सिंध प्रांतात शिरतो आणि मोहेंजोदडोच्या परिसरावरून अफगाणिस्तानात जातो. पुढे तुर्कमेनिस्तान, पश्चिम कझाकस्तान आणि रशिया. मॉस्कोच्या ईशान्येकडून तो सेंट पीटर्सबर्गच्या जवळ येतो. तेथून फिनलंड आणि स्वीडन यांच्यामधल्या आखातावरून नॉर्वेतील ट्रॉन्डहाइमजवळ पोहोचतो. फॅरो बेटांच्या उत्तरेला समुद्रावर असताना तो सर्वाधिक उत्तरेला, म्हणजे ६५ अंश अक्षवृत्ताच्या किंचित अलीकडे असतो. मग आइसलँडचा दक्षिण भाग, ग्रीनलँडचे दक्षिण टोक आणि कॅनडाचा लॅब्राडोर प्रदेश असे करत तो न्यूयॉर्कमध्ये उतरतो.

या यादीकडे पाहिले की अडचण लगेच लक्षात येते. सर्वांत जवळचा मार्ग पाकिस्तान, अफगाणिस्तान आणि रशिया या तीन देशांवरून जातो. गेल्या काही वर्षांत विमान वाहतुकीला सर्वाधिक अडथळे याच पट्ट्यात आले आहेत.

आकाश कुणाच्या मालकीचे असते?

७ डिसेंबर १९४४ रोजी शिकागो येथे झालेल्या आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक कराराच्या पहिल्याच कलमाने प्रत्येक देशाचे आपल्या भूमीवरील आकाशावर संपूर्ण आणि एकमेव सार्वभौमत्व मान्य केले. त्यामुळे दुसऱ्या देशावरून उडायचे तर त्याची परवानगी लागते, आणि तेथील हवाई वाहतूक नियंत्रणाच्या सेवेचे शुल्कही मोजावे लागते. बहुतेक देश हे शुल्क विमानाचे वजन आणि कापलेले अंतर यांवरून ठरवतात.

शांततेच्या काळात हा व्यवहार प्रवाशाला जाणवतही नाही. संबंध बिघडले की मात्र आकाशाची दारे बंद होतात. बालाकोटच्या कारवाईनंतर २७ फेब्रुवारी २०१९ रोजी पाकिस्तानने आपली हवाई हद्द बंद केली, ती १६ जुलैला पूर्णपणे खुली झाली. त्या काळात २ जुलैपर्यंत एअर इंडियाला ४९१ कोटी रुपयांचा फटका बसल्याचे सरकारने राज्यसभेत सांगितले होते. ऑगस्ट २०२१ मध्ये तालिबानने काबूल घेतल्यावर अफगाणिस्तानच्या आकाशातील नियंत्रण व्यवस्थाच कोलमडली. शिकागोहून दिल्लीला येणारे एअर इंडियाचे विमान तेव्हा इंधनासाठी शारजाला वळवावे लागले. २०२२ मध्ये युक्रेन युद्ध सुरू झाल्यावर रशिया आणि पाश्चात्य देशांनी एकमेकांच्या विमानांना हद्द बंद केली. त्या वर्षी मार्चमध्ये युनायटेड एअरलाइन्सने नेवार्क-मुंबई आणि सॅन फ्रान्सिस्को-दिल्ली या थेट सेवा थांबवल्या, त्या यामुळेच.

भारतीय कंपन्यांना मात्र रशियाचे आकाश खुले राहिले. म्हणजे २०२५ च्या एप्रिलपासून चित्र असे झाले की अमेरिकी कंपन्यांना रशिया बंद आणि पाकिस्तान खुला, तर भारतीय कंपन्यांना पाकिस्तान बंद आणि रशिया खुला. एकाच मार्गावरच्या दोन कंपन्यांची विमाने वेगवेगळ्या वाटांनी उडतात आणि त्यांच्या वेळा जुळत नाहीत, त्याचे कारण येथे सापडते.

पाकिस्तानची हद्द बंद झाल्याने मुंबईला किती फरक पडला?

पहलगाम हल्ल्यानंतर भारताने उचललेल्या पावलांना उत्तर म्हणून पाकिस्तानने २४ एप्रिल २०२५ रोजी भारतीय विमान कंपन्यांसाठी आपली हवाई हद्द बंद केली. ३० एप्रिलला भारतानेही पाकिस्तानी विमानांना बंदी घातली. दोन्ही बाजूंनी तिला दर महिन्याला मुदतवाढ मिळत गेली आणि २०२५ हे वर्ष संपेपर्यंत ती उठली नव्हती.

या बंदीचा भार सर्व शहरांवर सारखा पडत नाही, हे पृथ्वीगोलावर मोजून पाहता येते. मुंबईहून निघालेले विमान अरबी समुद्रावरून मस्कतजवळ पोहोचले आणि तेथून इराणमार्गे न्यूयॉर्कचा जवळचा मार्ग त्याने धरला, तर एकूण अंतर सुमारे १२,९०० किलोमीटर होते. मूळ अंतरापेक्षा हे साधारण ३८० किलोमीटर, म्हणजे २५ मिनिटांनी जास्त आहे. दिल्लीचे तसे नाही. दिल्ली ते न्यूयॉर्क हे जवळच्या मार्गाने अंतर सुमारे ११,७५० किलोमीटर, म्हणजे मुंबईपेक्षा जवळपास ७८० किलोमीटर कमी. पण पाकिस्तान टाळायचे तर दिल्लीच्या विमानाला आधी दक्षिणेकडे गुजरातपर्यंत खाली यावे लागते, मग समुद्रावरून पश्चिमेकडे वळावे लागते. अहमदाबाद आणि मस्कत अशी वळणे धरली तर हे अंतर १३,५०० किलोमीटरच्या पुढे जाते. म्हणजे सुमारे १,८०० किलोमीटरचा, दोन तासांचा फेरा.

एरवी न्यूयॉर्कला दिल्ली जवळची आणि मुंबई लांबची. बंदीच्या काळात मुंबई जवळची आणि दिल्ली लांबची झाली. अर्थात, हे गोलावरचे मोजमाप आहे. प्रत्यक्ष मार्ग रोजच्या हवामानानुसार आणि परवानग्यांनुसार ठरतो. पण उत्तर भारतातून जाणाऱ्या विमानांना व्हिएन्नासारख्या ठिकाणी इंधनासाठी आणि कर्मचारी बदलण्यासाठी थांबे का घ्यावे लागले, हे यावरून स्पष्ट होते. १ सप्टेंबर २०२५ पासून एअर इंडियाने दिल्ली-वॉशिंग्टन सेवा थांबवली, त्यामागे विमानांच्या नूतनीकरणाबरोबर हेही एक कारण कंपनीने दिले होते. बंदी वर्षभर राहिली तर सुमारे ६० कोटी डॉलरचा अतिरिक्त भार पडेल, असा कंपनीचा अंदाज मे २०२५ मध्ये वृत्तसंस्थांनी दिला होता. पाकिस्तानचेही नुकसान झालेच. बंदीच्या पहिल्या दोन महिन्यांत हवाई शुल्कापोटी मिळणाऱ्या सुमारे ४१० कोटी पाकिस्तानी रुपयांवर पाणी सोडावे लागल्याचे तेथील सरकारने आपल्या संसदेत सांगितले.

इराणची हद्दही बंद झाली तर?

तसे घडून गेले आहे. १३ जून २०२५ रोजी इस्रायलने इराणवर हल्ले केले आणि इराणने आपले आकाश बंद केले. त्या दिवशी मुंबईहून न्यूयॉर्कला निघालेले एअर इंडियाचे विमान अर्ध्या वाटेत जाण्याआधीच मुंबईला परतले, आणि न्यूयॉर्कहून मुंबईला येणारे विमान सौदी अरेबियातील जेद्दाला उतरवण्यात आले. एकीकडे पाकिस्तान बंद, दुसरीकडे इराण बंद, अशा स्थितीत उरते ती सौदी अरेबिया, इजिप्त आणि भूमध्य समुद्रावरून जाणारी दक्षिणेची वाट. जेद्दावरून वळण घेतले तर मुंबई-न्यूयॉर्क अंतर १३,७०० किलोमीटरच्या पुढे जाते. म्हणजे मूळ अंतरापेक्षा १,२०० किलोमीटर अधिक. त्यातच सर्वच कंपन्यांची विमाने त्या अरुंद पट्ट्यात एकवटल्याने गर्दी होते, हवी ती उंची मिळत नाही आणि आणखी मिनिटे वाया जातात.

जाताना जास्त आणि येताना कमी वेळ का?

पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, त्यामुळे पश्चिमेला जाणाऱ्या विमानासमोर शहर ‘येऊन’ पोहोचले पाहिजे, असा तर्क अनेकदा ऐकू येतो. तो चुकीचा आहे. वातावरण पृथ्वीबरोबरच फिरते आणि विमान त्या वातावरणातच उडते. खरा फरक पडतो तो वाऱ्याने. मध्य अक्षवृत्तांवर जमिनीपासून नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान झोतवारे वाहतात. त्यांनाच ‘जेट स्ट्रीम’ म्हणतात. जपानी हवामानशास्त्रज्ञ वासाबुरो ओइशी यांनी १९२० च्या दशकात फुगे सोडून या वाऱ्यांची नोंद केली होती. हिवाळ्यात त्यांचा वेग ताशी दोनशे किलोमीटरच्या पुढे सहज जातो.

न्यूयॉर्कला जाताना हे वारे समोरून येतात, येताना पाठीशी असतात. समजा, वळणांसह विमानाला १३,००० किलोमीटर उडायचे आहे आणि संपूर्ण वाटेवर वाऱ्याचा सरासरी परिणाम ताशी फक्त ५० किलोमीटर आहे. जाताना जमिनीच्या तुलनेत वेग ताशी ८५० किलोमीटर राहील आणि १५ तास १८ मिनिटे लागतील. येताना तो ९५० होईल आणि १३ तास ४१ मिनिटांत प्रवास संपेल. एवढ्याशा वाऱ्याने दीड तासाहून अधिक फरक पडतो. फेब्रुवारी २०२० मध्ये ‘सिआरा’ वादळाच्या काळात ब्रिटिश एअरवेजचे एक विमान न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोहोचले होते. एरवी या प्रवासाला सहा-साडेसहा तास लागतात.

म्हणूनच वैमानिकांना दिला जाणारा मार्ग हा सर्वांत कमी अंतराचा नसतो, तर सर्वांत कमी वेळ आणि इंधनाचा असतो. येताना दोनशे किलोमीटरचा फेरा घेऊन वाऱ्याचा झोत गाठणे परवडते, जाताना तोच झोत टाळण्यासाठी फेरा घेतला जातो. उत्तर अटलांटिकवर तर कॅनडातील गँडर आणि ब्रिटन-आयर्लंडचे शॅनविक ही नियंत्रण केंद्रे त्या-त्या दिवसाचे वारे पाहून दिवसातून दोनदा समांतर मार्ग आखून देतात.

तिकिटावर छापलेली वेळ कोणती असते?

विमान धावपट्टी सोडते तेव्हापासून ते टेकते तोपर्यंतची वेळ तिकिटावर नसते. विमान टर्मिनलच्या फाटकापासून मागे सरकते तेव्हापासून ते मुक्कामाच्या फाटकावर उभे राहीपर्यंतची वेळ वेळापत्रकात धरली जाते. मुंबईसारख्या गजबजलेल्या विमानतळावर धावपट्टीपर्यंतच्या रांगेत आणि न्यूयॉर्कला उतरण्याआधी घिरट्या घालण्यात अर्धा-पाऊण तास सहज जातो. तो त्यात मिळवलेला असतो. वरच्या उदाहरणातील १५ तास १८ मिनिटांत ही अर्ध्या तासाची भर घातली की आकडा सोळा तासांजवळ पोहोचतो. शिवाय वेळ पाळल्याची आकडेवारी चांगली दिसावी म्हणून कंपन्या थोडी सैल वेळ धरतात. एखादे विमान ‘वेळेआधी’ पोहोचले असे जाहीर होते, तेव्हा अनेकदा वारा अनुकूल असतो किंवा वेळापत्रकच सैल असते.

एक तास वाढला तर बिघडते काय?

प्रवाशासाठी तो एक कंटाळवाणा तास असतो. कंपनीसाठी तो सात ते आठ टन इंधन असतो. मुंबई-न्यूयॉर्कसारख्या मार्गावर वापरल्या जाणाऱ्या बोइंग ७७७-३००ईआर विमानाच्या टाक्यांत सुमारे १४५ टन इंधन मावते आणि उड्डाणाच्या वेळी त्याचे कमाल वजन सुमारे ३५१ टन असू शकते. हे इंधन नुसते जळत नाही, ते आधी उचलून न्यावे लागते. जास्तीच्या वजनापैकी साधारण तीन ते चार टक्के दर तासाला ते वजन वाहण्यातच जळते. पंधरा तासांच्या उड्डाणात शेवटी एक टन जादा इंधन शिल्लक हवे असेल, तर सुरुवातीला दीड टनाच्या आसपास भरावे लागते.

विमानाच्या वजनाला कमाल मर्यादा असते. इंधन वाढले की काही तरी कमी करावे लागते. आधी माल उतरतो. तेवढ्याने भागले नाही तर काही आसने रिकामी ठेवावी लागतात. मुंबईच्या उकाड्यात हवा विरळ होते, पंखांना मिळणारा उठाव आणि इंजिनांची ताकद दोन्ही घटतात, त्यामुळे ही मर्यादा आणखी कडक होते. अमेरिकेची बहुतेक थेट विमाने मध्यरात्रीनंतर सुटतात, त्याला परदेशातील जोडविमानांच्या वेळांबरोबर रात्रीच्या तुलनेने थंड हवेचाही फायदा असतो. पर्यावरणाचा हिशोब वेगळाच. एक किलो विमान इंधन जळले की ३.१६ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. म्हणजे एका विमानाच्या एका जादा तासामागे सुमारे २४ टन.

कर्मचाऱ्यांचेही गणित आहे. इतक्या लांबच्या उड्डाणात साधारणपणे चार वैमानिक असतात आणि ते आळीपाळीने विश्रांती घेतात. त्यांच्या कामाच्या तासांना कायद्याने मर्यादा आहे. मार्ग दोन तासांनी लांबला आणि ही मर्यादा ओलांडली जाणार असेल, तर वाटेत उतरून नवा चमू घेण्याशिवाय पर्याय राहत नाही.

वाटेत बिघाड झाला तर?

मार्ग आखताना हा प्रश्न आधीच सोडवलेला असतो. दोन इंजिनांच्या विमानाने, एक इंजिन बंद पडले तरी ठरावीक मिनिटांत एखादा योग्य विमानतळ गाठता येईल अशाच वाटेने जावे लागते. पूर्वी ही मर्यादा ६० मिनिटांची होती. इंजिने भरवशाची होत गेली तशी ती १८० मिनिटे आणि काही विमानांसाठी त्याहूनही वाढली. त्यामुळेच दोन इंजिनांची विमाने महासागरांवरून आणि ध्रुवीय प्रदेशावरून थेट उडू लागली.

नियम पाळला तरी अडचण संपत नाही. ६ जून २०२३ रोजी दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेले एअर इंडियाचे विमान इंजिनातील बिघाडामुळे रशियाच्या अतिपूर्वेकडील मगादान येथे उतरवावे लागले. उतरणे सुरक्षित झाले. पण सव्वादोनशेच्या आसपास माणसांची त्या छोट्या शहरात सोय करणे आणि कंपनीने पाठवलेल्या दुसऱ्या विमानाने त्यांना पुढे नेणे यात दोन दिवस गेले. जवळचा मार्ग कुठून जातो याबरोबरच त्या वाटेवर उतरावे लागले तर काय होईल, याचाही विचार म्हणूनच करावा लागतो.

थेट विमान घ्यावे की थांबा असलेले?

अंतराच्या दृष्टीने थांबा फारसा महाग पडत नाही, हे आश्चर्य वाटले तरी खरे आहे. लंडनमार्गे मुंबई-न्यूयॉर्क अंतर थेट मार्गापेक्षा जेमतेम दोन-सव्वादोनशे किलोमीटरने, तर दुबईमार्गे सुमारे चारशे किलोमीटरने जास्त भरते. ही शहरे जवळच्या मार्गापासून फार दूर नाहीत. वेळ जातो तो उतरण्यात, पुन्हा सुरक्षा तपासणीत, पुढच्या विमानाची वाट पाहण्यात. त्यामुळे १६ तासांचा प्रवास १९ ते २२ तासांवर जातो.

न्यू जर्सी आणि न्यूयॉर्क परिसरात मराठी कुटुंबांची मोठी वस्ती आहे. मुलांकडे जाणाऱ्या ज्येष्ठ आईवडिलांसाठी थेट विमानाचे मोल म्हणूनच वेगळे असते. अनोळखी विमानतळावर सामान, भाषा आणि पुढचे फाटक शोधण्याची धावपळ त्यात टळते. दुसरीकडे, सलग पंधरा-सोळा तास बसून राहणेही सोपे नाही. चार तासांहून लांबच्या प्रवासात पायांच्या नसांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका साधारण दुप्पट होतो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासात आढळले होते. मुळात हा धोका कमी असला तरी हृदयविकार, अलीकडची शस्त्रक्रिया किंवा पूर्वी गुठळीचा त्रास असलेल्यांनी डॉक्टरांना विचारूनच निर्णय घ्यावा. दर दोन-अडीच तासांनी उठून चालणे आणि पाणी पीत राहणे सर्वांच्याच हिताचे.

पोहोचण्याची वेळ कशी काढायची?

मुंबई आणि न्यूयॉर्क यांच्या घड्याळांत उन्हाळ्यात साडेनऊ तासांचा आणि हिवाळ्यात साडेदहा तासांचा फरक असतो. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळे एक तास पुढे आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी एक तास मागे केली जातात. भारतात तसे होत नाही. मुंबईहून रात्री १ वाजता निघालेले विमान १६ तासांनी पोहोचते, तेव्हा भारतात सायंकाळचे ५ वाजलेले असतात. न्यूयॉर्कमध्ये मात्र त्याच तारखेची सकाळ असते. उन्हाळ्यात साडेसात, हिवाळ्यात साडेसहा. परतताना उलट होते. उन्हाळ्यात सकाळी ११ वाजता न्यूयॉर्क सोडलेले विमान साडेचौदा तासांनी मुंबईत उतरते ते दुसऱ्या दिवशी सकाळी ११ वाजता. तिकिटावरच्या दोन वेळांची थेट वजाबाकी केली, तर एकीकडे साडेसहा तास आणि दुसरीकडे पूर्ण चोवीस तास असे चुकीचे आकडे हाती येतात.

तंत्रज्ञान पुढे गेले, मग वेळ कमी का होत नाही?

१४ मे १९६० रोजी एअर इंडियाने बोइंग ७०७ विमानाने लंडनमार्गे न्यूयॉर्कची सेवा सुरू केली. त्या विमानाचा वेग आजच्या विमानांपेक्षा फारसा कमी नव्हता. गेल्या सहा दशकांत वाढला तो वेग नव्हे, तर पल्ला. ऑगस्ट २००७ मध्ये मुंबई-न्यूयॉर्क विनाथांबा सेवा सुरू झाली, ती अधिक दूर जाऊ शकणाऱ्या विमानांमुळे. आज सिंगापूर-न्यूयॉर्क हे १५,३०० किलोमीटरहून अधिक अंतर सुमारे पावणेएकोणीस तासांत न थांबता कापले जाते. ऑस्ट्रेलियाच्या क्वान्टासने सिडनी-लंडन हे सुमारे १७ हजार किलोमीटरचे थेट उड्डाण सुरू करण्याची तयारी चालवली आहे. म्हणजे अंतर पार करण्याची क्षमता विमानांत आली आहे. मुंबईहून अमेरिकेला किती तास लागणार, हे आता इंजिनांपेक्षा इस्लामाबाद, तेहरान आणि मॉस्कोत काय ठरते यावर अधिक अवलंबून आहे.

प्रवाशाने काय लक्षात ठेवावे?

तिकीट काढताना फक्त ‘थेट’ हा शब्द पाहू नये. विमान कंपन्यांच्या भाषेत ‘थेट’ विमान वाटेत इंधनासाठी थांबू शकते. न थांबणारे विमान हवे असेल तर ‘विनाथांबा’ असा स्पष्ट उल्लेख आहे का, हे तपासावे. पुढे जोडविमान असेल तर जाताना किमान तीन-चार तासांचा अवधी ठेवावा, आणि दोन्ही प्रवास एकाच तिकिटावर असावेत. पहिले विमान उशिरा पोहोचले तर पुढची सोय करण्याची जबाबदारी मग कंपनीवर राहते. पश्चिम आशियात तणाव असेल तर निघण्याच्या दिवशी विमानाचा मार्ग आणि स्थिती पाहून घ्यावी. औषधे हातातल्या सामानात ठेवावीत, आणि ती प्रवासाच्या सोळा तासांपुरती नव्हे, तर किमान दोन दिवस पुरतील एवढी असावीत.